तिसरी खाच

"तिसऱ्या खाचेत आहे. तिथेच राहू दे," हे म्हणाले, आणि म्हणताना मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. शेडच्या दाराशी स्टूल टाकून वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी गाडीत, ड्रायव्हरच्या सीटखाली डोकं घालून, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्यात पाना, अशी अवघडलेली. विचारलं एवढंच होतं, की ही सीट मागे का सरकत नाही, खीळ अडकलीय की रूळ वाकलाय. सीटखाली दोन लोखंडी रूळ असतात, त्यांतल्या आतल्या रुळाला खाचा असतात, आणि दांडा ओढला की खीळ एका खाचेतून निघून दुसरीत बसते. उंच माणूस सीट मागे घेतो, बुटका पुढे. मी टॉर्च मारून खाचा मोजल्या. एकूण नऊ. खीळ पुढून तिसरीत, गंजाने इतकी घट्ट धरलेली, की खीळ कुठे संपते आणि रूळ कुठे सुरू होतो ते कळू नये. ह्यांचं उत्तर बरोबर होतं. अकरा वर्षं बंद पडलेल्या गाडीतली, अंधारातली खाच ह्या माणसाला न बघता ठाऊक, आणि गेल्याच महिन्यात चपलांच्या दुकानात उभं राहून मला विचारत होते, "तुझा पाच नंबर ना गं?" माझा आठ आहे. दुकानदारासमोर मी हसून वेळ मारून नेली होती. ते हसू आता सीटखाली उताणं पडल्यावर आठवलं आणि नाकातोंडात गंजाची धूळ गेली.

पाच नंबर तिचा. ती म्हणजे ह्यांची पहिली बायको. मी दुसरी, लग्नाला चार वर्षं झाली, आणि लग्न झालं तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची घोडी होते. त्याआधी आईचं आजारपण, मग आईचं म्हातारपण, मग आईचं जाणं, आणि ह्या सगळ्यात सव्वीस वर्षं एका कारखान्यात रंगकाम तपासण्याची नोकरी. दवाखान्यातल्या खाटा, शाळेतली बाकं, कचेऱ्यांतल्या नळीच्या खुर्च्या, असला माल. खुर्ची समोर आली की उलटी करायची, सांधे बघायचे, जिथे रंगाऱ्याला वाटतं की इथे कोण कशाला बघतंय, नेमकं तिथेच बघायचं, आणि खडूने फुली मारून परत पाठवायची. माझ्या पाठीमागे मला फुलीबाई म्हणायचे. मला कळायचं आणि आवडायचंही. हे वजनमापं तपासणाऱ्या खात्यातले. वर्षातून दोनदा आमचा तोलकाटा तपासायला यायचे. एकदा चहा पिता पिता म्हणाले, "आमच्या गाडीच्या सीटांच्या सांगाड्यांना गंज चढलाय. काय लावावं?" मी म्हणाले, "आधी काढावा. लावायचं काय ते नंतर बघता येतं." ह्या एका वाक्यावर ह्यांनी मला मागणी घातली, असं वन्सं, म्हणजे माझी नणंद, आल्यागेल्याला सांगते आणि हसते. मीही इतके दिवस हसत होते. दोन तपासनीस एका छपराखाली, आता दोष निघायला काय कमी, असं वर मीच जोडायचे. त्या सकाळी प्रथमच ते हसणं मला खुपलं. म्हणजे तेव्हाही मधे गाडीच होती.

गाडी आता काढायची असं ह्यांच्या मनाने का घेतलं, ते मला कळलं नव्हतं. निवृत्त झाले, दोन महिने घरात येरझारा घातल्या, आणि एके दिवशी म्हणाले, "आपण गाडी पुन्हा रस्त्यावर आणू या." त्या 'आपण'ने मी विरघळले. पन्नाशीच्या बाईने एका सर्वनामावर इतकं विरघळू नये, पण ज्यांना ते विसाव्या वर्षी मिळतं त्यांनी मला शिकवायला येऊ नये. मी म्हणाले, इंजिन गॅरेजवाल्याला द्या, सीटांचे सांगाडे मी करते. हे लगेच "तूच कर" म्हणाले. तोपर्यंत मी त्या गाडीकडे कधी नीट बघितलंही नव्हतं. शेडमधली एक झाकलेली मोठी वस्तू, एवढंच. चादर काढली तेव्हा सायीच्या रंगाची, गोल पाठीची, बऱ्या घरची म्हातारी वाटली. आत शिरले तर कुबट वास, फाटलेलं रेक्झिन, आणि ड्रायव्हरची सीट अशी पुढे ओढलेली, की माझे पाय आत जाईनात. पोटाशी चाक, गुडघे दोन्ही बाजूंना. सीट जणू अजून कुणीतरी बसलेलं असल्यासारखी जागा अडवून होती. मी उतरले, वाकले, टॉर्च मागितला, आणि ते तिसऱ्या खाचेचं उत्तर आलं.

तिच्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते सगळं वन्संकडून. ती दाई होती. शिकलेली, परिचारिकेचा अभ्यास केलेली, घरोघर जाऊन बाळंतपणं करणारी. चणीने लहान, पाच फुटांना दोन बोटं कमी. गाडी तिची. एकोणीस वर्षं चालवायची ती, हे शेजारी बसायचे. कुणाच्या दारात गाडी उभी राहिली की आत बाळ होणार हे रस्त्याला कळायचं. आजही मी भाजी आणायला गेले की कुणीतरी अडवून सांगतं, आम्ही तिघंही भावंडं बाईंच्या हातची. निम्मा मोहल्ला तिच्या हातचा. निम्म्या मोहल्ल्यातल्या खुर्च्या माझ्या हातच्या, पण खुर्च्या बोलत नाहीत. वन्सं तिला नुसतं 'वहिनी' म्हणते आणि मला 'नवी वहिनी'. चार वर्षं झाली तरी मी नवीच. ती ह्यांना 'अरे' म्हणायची, हेही वन्संनीच सांगितलं, कौतुकाने. मी 'अहो' म्हणते. सेहेचाळिसाव्या वर्षी 'अरे' तोंडात बसत नाही. आणि शेवटचं, जे वन्संनी एकदाच सांगितलं आणि सांगून पस्तावली: आजार कळल्यावर इस्पितळात भरती व्हायलाही ती स्वतः गाडी चालवत गेली, हे मांडीवर पिशवी घेऊन शेजारी. परतताना हे एकटे. चाकामागे बसले, पण सीट मागे घेतली नाही. गुडघे हनुवटीशी घेऊन, कसंबसं ब्रेक शोधत, गाडी घरापर्यंत आणली, शेडमध्ये लावली, चादर घातली. ती महिन्याभरात गेली. गाडी त्यानंतर हलली नाही. हे सगळं मला सीटखाली उताणं पडल्या पडल्या पुन्हा ऐकू आलं, आणि खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. पोटात दुखलं. जिवंत सवतीच्या झिंज्या उपटता येतात. मेलेल्या सवतीच्या फोटोची काच आपणच पुसायची असते.

चार बोल्ट सोडवून सीट बाहेर काढली. रेक्झिन उसवलं, काथ्या झटकला, तर स्प्रिंगांमधून सेफ्टी पिना पडायला लागल्या. एक, दोन, पाच, अकरा. तान्ह्या बाळांच्या दुपट्यांना लावायच्या त्या. तिच्या झग्याच्या खिशातून वर्षानुवर्षं गळून गादीत मुरलेल्या. बहुतेक गंजून बंदच्या बंद राहिलेल्या. एक स्प्रिंगच्या वळणात अशी अडकली होती, की पक्कड लावावी लागली. हे स्टुलावरून उठले, खाली बसले आणि एकेक पीन उचलून तळहातावर घ्यायला लागले. मी म्हणाले, "टाकून द्या, पायात जातील." "हो, टाकतो," म्हणाले आणि शर्टाच्या खिशात टाकल्या. मग खिळा घेऊन रुळावर, तिसऱ्या खाचेच्या शेजारी, एक बारीक रेघ ओढली. "पुन्हा बसवताना चुकायला नको," म्हणाले. मी विचारलं, "म्हणजे परत तिथेच बसवायची?" "हो." "आणि चालवणार कोण?" "मीच. तुला कुठे येते?" "गुडघे तोंडाशी घेऊन चालवणार?" "होईल सवय," म्हणाले आणि वर्तमानपत्राकडे गेले.

तेव्हा मला स्पष्ट दिसलं. गाडी रंगवून, चकचकीत होऊन रस्त्यावर येईल. चाकामागे हे, पाय दुमडून, जणू मांडीवर कुणाला तरी बसवून घेतलंय. शेजारी मी, म्हणजे ह्यांच्या जुन्या जागेवर. ह्यांची जागा मला, तिची जागा ह्यांना, आणि ती आपल्या जागी. तीन माणसांची गाडी. रस्त्यावरचे लोक हात करतील, बाईंची गाडी निघाली बघा, म्हणतील. आणि मी हात हलवायचा की नाही, ते मला कळणार नाही. त्या गाडीत मला बसायचं होतं, हे मी लपवत नाही. त्या दिवसांत मला दुसरं काही नको होतं. फक्त एवढंच, की त्या गाडीत आम्ही दोघं असावं. दोघंच.

गंज काढणं हे काम चिडलेल्या माणसाला मानवतं. तारेचा ब्रश घेऊन आधी पोपडे पाडायचे, मग द्रावणात भिजवलेल्या चिंध्या नळीला गुंडाळून ठेवायच्या, मग चिंधी काढून पुन्हा घासायचं, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक. नळी बोटाने टिचकी मारून बघायची. धड असेल तर खणखणते, आतून खाल्लेली असेल तर बद्द वाजते. मी रोज सकाळचं आवरून शेडमध्ये जायचे आणि ऊन दारातून निघून जाईपर्यंत घासायचे. ह्यांच्या बाजूच्या सीटचा सांगाडा दोन दिवसांत झाला. जवळजवळ धड होता. रूळ मोकळा, खाचा नव्यासारख्या. एकोणीस वर्षं हे एकाच जागी शहाण्यासारखे बसून राहिले असणार. तिच्या सीटने आठ दिवस घेतले. खिडकीच्या रबरातून पाणी झिरपून नळ्यांच्या सांध्यात साचलेलं. गंज एक थर काढावा तर खाली दुसरा. घासता घासता मी तिच्याशी बोलायचे. मोठ्याने नाही, पण ओठ हलत असावेत, कारण वन्संनी दारातून एकदा विचारलं, "नवी वहिनी, कुणाशी गं?" मी म्हणाले, "गाणं म्हणतेय." बोलायचे ते असं: बाई, तुला सगळं मिळालं. रस्ता मिळाला, मुलं मिळाली, पोटची नसली तरी मोहल्लाभर. अरे म्हणायला मिळालं. वेळेवर मरायलाही मिळालं, म्हातारपणी दात काढून वाटीत ठेवलेली तुला कुणी बघितली नाही. मग एक खाच तरी सोड.

हा माझा स्वभाव जुनाच. धाकट्या बहिणीला शाळेत बाईंनी पाटीवर 'शाबास' लिहून दिलं होतं. आईने ती पाटी तीन दिवस न पुसता फळीवर उभी करून ठेवली. आला-गेला बघायचा. माझ्या पाटीवरचे पाढे रोज पुसले जायचे, बरोबर असले तरी. तिसऱ्या दिवशी दुपारी आई झोपलेली असताना मी अंगठा थुंकीत भिजवून ते 'शाबास' पुसलं. आणि वर पाटी जागच्या जागी उभी केली, सरळ, अगदी नीट. आई उठली, तिने पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. आज बहीण दूर असते, तिला ते आठवतही नाही, आणि मला अंगठ्याला लागलेल्या पाटीचा खरबरीतपणा अजून आठवतो. मत्सर वाईट असतो हे मला कुणी सांगायला नको. पण तो खोटा नसतो. ज्याच्याकडे बघून जळफळाट होतो ती वस्तू आपल्याला किती हवी होती, ते त्याशिवाय कळतच नाही.

नवव्या दिवशी खीळ सुटली. तेल, गरम पाणी, लाकडी हातोडीच्या बारीक टोल्यांनी सुटली आणि बाहेर आल्यावर खाच दिसली. ह्यांनी ओढलेली रेघ पॉलिश पेपराखाली केव्हाच गेली होती. ते मी मुद्दाम केलं असं म्हणता येणार नाही, गंज काढताना रेघ राहात नाही. पण रेघेची गरजच नव्हती. बाकीच्या आठ खाचा अरुंद, धारेच्या, आणि तिसरी झिजून रुंद झालेली, कडा गोल झालेल्या. एकोणीस वर्षं खीळ तिथेच बसून, गाडीच्या प्रत्येक गचक्याला थोडी थोडी घासून. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळावी. मी पुन्हा पुन्हा बोट फिरवून बघितलं. मग माझ्यातली फुलीबाई जागी झाली आणि तिने फार स्वच्छ, कामाच्या आवाजात सांगितलं: हा दोष आहे. झिजलेल्या खाचेतून खीळ निसटते. चालत्या गाडीत सीट मागे गेली तर पाय ब्रेकपर्यंत पोचणार नाही. असला माल पुढे पाठवायचा नाही. हे सगळं खरं होतं, अक्षरन् अक्षर. माणसाला खोटं बोलायचं असेल तर खऱ्यासारखा आडोसा नाही.

रूळ कापडात गुंडाळून मी कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे गेले. म्हणाले, "ही खाच झिजलीय. भरून द्या." त्याने रूळ हातात घेऊन फिरवला. "कुठल्या गाडीचा?" मी सांगितलं. त्याने हातातलं दुसरं काम बाजूला ठेवलं, हात चिंधीला पुसले. "बाईंच्या गाडीचा? माझी थोरली बाईंच्या हातची. पायाळू होती. दोघी वाचल्या." तो म्हणाला, "भरतो, आणि मापाने नवी खाच पाडून देतो. अगदी होती तिथे. हल्ली असे रूळ मिळत नाहीत, पण मी करतो." मी म्हणाले, "नवी नको. नुसती भरा आणि वरून घासून सपाट करा." "मग तिथे सीट थांबणार नाही, वहिनी." "ठाऊक आहे." "आठच राहतील." "आठ पुरेत." त्याने माझ्याकडे बघितलं. बायकांकडे बघून वेल्डर जसा अंदाज घेतो, ही बाई कामातलं कळणारी की उगाच बोलणारी, तसं आधी, आणि नंतर वेगळं. मग काळी काच डोळ्यांपुढे धरून ठिणग्या पाडायला बसला. मी तोंड फिरवून उभी राहिले. त्या पांढऱ्या उजेडात समोरच्या भिंतीवर माझी सावली थरथरत होती, आणि मला पाटीवरचा अंगठा आठवला. त्याने मजुरी घेतली नाही. "बाईंच्या कामाचं काय घ्यायचं," म्हणाला. म्हणजे तिची खाच बुजवायची, तीही तिच्याच पुण्याईवर.

घरी आल्यावर माझं धाबं दणाणलं. रूळ इतका सुरेख सपाट झाला होता, की जिथे खाच होती तिथे बोटाला काही लागत नव्हतं, आणि तेच भयंकर होतं. झालेली चूक निदान खडबडीत असते. पुढचे चार दिवस मी ह्यांना शेडपासून लांब ठेवलं. धूळ उडते, खोकाल, असं सांगून. जेवताना ह्यांच्याकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, आता विचारतील. हे मीठ मागायचे. एकदा म्हणाले, "रूळ झाला का?" "झाला," म्हणाले मी. "छान," म्हणाले हे. मला वाटायला लागलं, की रूळ हातात घेतल्यावर हे काहीच बोलणार नाहीत, नुसते माझ्याकडे बघतील, आईसारखे, आणि मग उरलेली सगळी वर्षं ह्या घरात मी त्या नजरेखाली भांडी घासायची. रात्रभर तयार करायचे उत्तरं. सुरक्षेचा प्रश्न होता. वेल्डर म्हणाला. एकच खाच तर गेली. चौथी आहे की, एका बोटाने मागे. पण चौथी म्हणजे तिसरी नव्हे, हे जगात दोनच माणसांना पक्कं ठाऊक होतं, आणि ती दोन्ही एका ताटलीतली भाजी वाढून घेत होती.

प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, लावायचा दिवस उजाडला. कोरडं, लख्ख ऊन. दोन्ही सांगाडे मी अंगणात फळीवर उभे केले होते. उघडं लोखंड, राखाडी, थिनरने पुसून काढलेलं, इतकं स्वच्छ की डोळ्यांना जरा ओशाळं वाटावं. रूळ शेजारी ठेवले होते. हे बाह्या दुमडून आले. ब्रश मी मारतो, असं आधीच ठरवून घेतलं होतं. सांगाडे बघितले, "वा," म्हणाले. मग जे व्हायचं तेच झालं. रूळ उचलला, टोकाशी अंगठा ठेवला आणि सरकवला. एक. दोन. अंगठा पुढे घसरत गेला आणि चौथीत जाऊन पडला. पुन्हा मागे आणला. एक. दोन. सपाट. रूळ उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघितलं. मी तयार केलेली सगळी उत्तरं एकदम तोंडात आली. "झिजली होती. खीळ सुटली असती, चालत्या गाडीत. तो दोषच होता. मी भरून घेतली." हे म्हणाले, "हं." मी म्हणाले, "बोला ना काहीतरी." हे म्हणाले, "बरं झालं."

"बरं झालं म्हणजे?"

हे स्टुलावर बसले. रूळ मांडीवर आडवा. "अकरा वर्षं मी दर रविवारी तेलाचा डबा घेऊन शेडमध्ये जायचो," ह्यांनी सांगायला सुरुवात केली, नेहमीच्याच आवाजात, काट्याचं वजन वाचून दाखवावं तसं. "तू आल्यावरही. तू म्हणायचीस, दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालायला किती वेळ लागतो. दोन थेंब खिळीवर सोडले असते तर सुटली असती. नाही हात धजला. गॅरेजवाल्याला द्यावी म्हटलं, तो दहा मिनिटांत तोडून टाकेल, तेही नको वाटलं. तुझा धजेल, हे मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं? मग तिथेच राहू दे का म्हणालात? रेघ का ओढलीत?"

"तसं म्हटलं नसतं तर तू तिकडे बघितलं असतंस का?"

आता मला राग यायला हवा होता. ह्यांनी काट्याने काटा काढला होता, आणि दोन्ही काटे माझ्याच पायात. आयुष्यभर वजनं तपासलेला माणूस. माझा मत्सर किती भरतो, हे ह्यांनी कधीतरी, चार वर्षांत केव्हातरी, फोटोची काच पुसताना माझ्या कोपराकडे बघून बरोबर तोलून ठेवलं होतं. आणि लागला तेव्हा वापरला. पण राग आलाच नाही. जिंकल्यासारखंही वाटलं नाही, खाच तर गेली होती. मी ज्याच्यावर जळत होते ती खाच नव्हतीच. मी जळत होते त्या दोन थेंबांवर, जे ह्यांच्या हातून अकरा वर्षं पडले नाहीत. भरल्या डब्यासह दर रविवारी आत जाऊन तसाच परत येणारा तो हात. माझ्यासाठी ह्यांचा हात कधी अडखळलेला मी पाहिला नव्हता. माझी दुखरी पाठ दाबतानासुद्धा नाही, चहाचा कप देतानासुद्धा नाही. माझ्याकडे येताना तो सरळ, सहज येतो. लोक म्हणतील, हेच सुख. असेल.

मी विचारलं, "मी मेले तर?"

"काय?"

"मी गेल्यावर, माझ्या कशाला हात लावायला तुमचा हात धजणार नाही?"

हे कुठलाही प्रश्न टाळत नाहीत. ह्यांनी घराकडे बघितलं, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे, दोरीवरच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे, मग ओळीने लावलेल्या माझ्या ब्रशांकडे. खरंच शोधत होते. माझ्या छातीत धडधडत होतं, मुलगी बघायला आलेल्यांसमोर कधी धडधडलं नसेल इतकं. बऱ्याच वेळाने हे म्हणाले, "तुझं काही मागे राहीलसं वाटत नाही गं मला. तू सगळं कसं लख्ख करून ठेवतेस. डाग म्हणून राहू देत नाहीस कशावर." आणि वर प्रेमाने हसले. ही तारीफ होती. ह्यांच्या खात्यात ह्याहून मोठी तारीफ नसेल. मग उठले, "प्रायमर ढवळून आणतो," म्हणून आत गेले.

मी अंगणात एकटी. समोर तिच्या सीटचा, आता कुणाच्याच नसलेल्या सीटचा सांगाडा, उन्हात कोरडा. पाठीच्या बाजूला त्याला एक रुंद पत्रा आहे, बसणाऱ्याच्या कण्यामागे येतो तो. साफ केलेल्या लोखंडाला उघड्या हाताने शिवायचं नसतं. माणसाच्या हाताला घाम असतो, घामात मीठ. ते दिसत नाही, वरून प्रायमर बसतो, रंग बसतो, माल तपासून पुढे जातो, कुणालाही कळत नाही. पण आत गंज धरायला सुरुवात झालेली असते, नेमकी बोटांच्या आकाराची. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी रंग फुगतो आणि पंजा वर येतो. कारखान्यात ह्या एका चुकीसाठी मी माणसं रडवली आहेत. मी उजव्या हातातला मोजा काढला. तळहात ओला होता, तो पुसला नाही. पत्र्यावर सगळा पंजा ठेवला, पाची बोटं पसरून, आणि दाबून धरला. लोखंड उन्हाने तापलं होतं, हात भाजत होता, तरी धरून ठेवला. तेव्हा मी नसेन, कुणी तिसरी आली असेल तर घासू दे तिला. ह्यांनी मात्र तेलाचा डबा घेऊन यावं आणि तसंच परत जावं.

आतून ह्यांच्या चपलांचा आवाज आला. मी हात काढला, मोजा चढवला. पत्रा बघितला, काही दिसत नव्हतं. हे डबा आणि ब्रश घेऊन आले, पत्र्यासमोर वाकले आणि सवयीने विचारलं, "कुठे पुसायचं राहिलंय का?"

"नाही," मी म्हणाले. "लावा."